निळी पोटरी

बर्फाचं मशीन गुरुवारपासून बंद आहे, असं फ्रीजवाल्याने सांगितलं तेव्हा मी केळी निवडत होतो. फ्रीजवाला आमच्याच इमारतीत राहतो आणि क्लबातली जी जी वस्तू थंड राहायला हवी ती थंड ठेवायचं काम त्याच्याकडे आहे. शनिवारची सकाळ होती, अकरा वाजले असतील. त्याच्या हातात तांब्याच्या नळीचं एक वेटोळं होतं आणि ते त्याने तान्ह्या बाळासारखं धरलं होतं. "हे मिळायला दोन दिवस गेले बघा," तो म्हणाला. "आज दुपारी चालू करून टाकतो. गुरुवारी सकाळी जे बंद पडलं ते पडलंच. तुमच्या पोरांना दोन दिवस बर्फाचा खडा नाही. काही बोलली नाहीत?" मी म्हटलं, "माझ्याकडे कुणी बोलायला येत नाही, नुसतं उभं राहायला येतात." तो हसला, मी हसलो, कारण न कळताच केळीवालाही हसला, आणि मी सहा केळी घेऊन बसमध्ये चढलो. चार थांबे जाईपर्यंत मला काहीही झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मागाहून सांगताना प्रत्येकाच्या काळजात ऐकताक्षणीच धस्स झालेलं असतं. माझं काळीज शांत होतं. सहापैकी दोन केळी आतून मऊ निघणार, एवढीच त्याला चिंता होती. पाचव्या थांब्यावर एक बाई उतरल्या. त्यांनी सोडलेला दांडा मी धरला, तर त्यांच्या मुठीची ऊब अजून तिथे होती. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाला तोंड लावल्यासारखं वाटून मी हात वर सरकवला, तर वरचा दांडा गार. एकच दांडा, वीतभर अंतरात ऊबही आणि गारवाही. तेव्हा मला शिडी म्हणतात त्या पोराची डावी पोटरी दिसली. काल सकाळची, शुक्रवारची. निळी. आणि तिच्यापुढच्या चौकोनात मी स्वतःच्या हाताने केलेली खूण: बर्फ.

माझं काम सांगायला सोपं आहे, त्यामुळे ते कुणाला काम वाटत नाही. मी फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पायांचे फोटो काढतो. चेहऱ्यांशी माझा संबंध नाही. पोरं मला फोटोकाका म्हणतात, पण लग्नाच्या वाढदिवसाला कुणी फोटो काढायला बोलावत नाही. कॅमेरा उजेड बघत नाही, उष्णता बघतो. आदल्या दिवशी ज्या स्नायूला प्रमाणाबाहेर राबवलंय तो दुसऱ्या दिवशी सकाळी गरम असतो, आणि पडद्यावर लाल दिसतो. निवांत असलेला हिरवा. गार असलेला निळा. पोरांनी चड्डीवर, अनवाणी, माझ्या बिनखिडकीच्या खोलीत पाच-पाच जणांनी यायचं, बावीस अंशांत पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि मग एकेकाने कॅमेऱ्यापुढच्या लाकडी फळीवर चढायचं. त्या पंधरा मिनिटांत भिंतीला टेकायचं नाही, पायाला हात लावायचा नाही, खाजवायचं नाही. खाजवलेली जागा नंतर कितीतरी वेळ पेटलेली दिसते. एकदा एकाच्या मांडीवर पाच बोटांचा अख्खा पंजा उमटलेला होता. विचारलं तर म्हणाला, निघताना घरी जरा बोलणं झालं. एरवी मात्र तिथे फार काही घडत नाही. ज्या वस्तूची उष्णता खोलीइतकीच, ती माझ्या पडद्यावर नसतेच. खुर्ची नसते, कोपऱ्यातली बादली नसते. पण खुर्चीवरून कुणी उठलं की खुर्ची नसतानाही बसल्याची जागा दिसत राहते. फळीवरून पोरगं उतरलं की मागे दोन पावलं उरतात, पिवळी, मग हिरवी, मग कडांनी विरत जाणारी. ती पुरती विझल्याशिवाय मी पुढच्याला बोलवत नाही. तसा काही नियम नाही. कुणी अजून उभं असताना त्याच्यावर दुसऱ्याला चढवल्यासारखं वाटतं, एवढंच.

उजव्या आणि डाव्या पायात अर्ध्या अंशाचा फरक माफ असतो. एका अंशापुढे गेलं की कॅमेऱ्याचा संगणक अडतो आणि कारण विचारतो. चार चौकोन आहेत: बर्फ, मलम, पट्टी, इतर. पहिल्या तिघांवर नुसती खूण केली, छापलेल्या तक्त्याखाली सही केली की भागतं. 'इतर'वर केली की खाली तीन रिकाम्या ओळी उघडतात, त्या भराव्या लागतात, वर डॉक्टरांची सही आणावी लागते, आणि ती येईपर्यंत पोरगं मैदानाबाहेर. सहा वर्षांत मी 'इतर' दोनदा निवडलं. दोन्ही वेळा कोच माझ्याशी आठवडाभर अतिशय सभ्यपणे बोलत होता. कोचला माझ्याकडून रोज एकच गोष्ट हवी असते. दारातून डोकं आत घालून तो विचारतो, "लाल कोण?" मी एखादं नाव सांगतो, तो तोंड वाकडं करून निघून जातो. निळ्याचं त्याने कधी विचारलं नाही. पहिल्या वर्षीच त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "निळा म्हणजे थंड, थंड म्हणजे ताजा." मी दुरुस्त केलं नाही. वरिष्ठांचं चुकीचं वाक्य सुटसुटीत असलं की दुरुस्त करणारा आगाऊ दिसतो. शिवाय निळ्या पायांची पोरं खरोखरच बर्फाच्या टबातून उठून माझ्याकडे यायची. येऊ नये, असा नियम आहे. तरी यायची. मी खूण करायचो. खूण करायला एक बोट पुरतं.

शिडी हे त्याचं नाव अर्थातच नाही. चोवीस वर्षांचा, उंच, डाव्या कडेने पळणारा. पळताना त्याचे पाय त्याच्याआधी दोन पावलं पोचलेले असतात. शुक्रवारी तो फळीवर चढला, मी पडद्याकडे बघत विचारलं, "बर्फ ना?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर बर्फ." मी हसलो. बसमध्ये हे आठवलं तेव्हा कळलं की त्याने 'हो' म्हटलंच नव्हतं. प्रश्नातच उत्तर भरून मी त्याच्यापुढे ठेवलं होतं, आणि त्याने ते, पाहुण्यांकडचं नको असलेलं पक्वान्न घ्यावं तसं, भिडेने पानात घेतलं. भीड कसली, सोय. शनिवारच्या सामन्याला मोठ्या क्लबाची दोन माणसं फक्त त्याला बघायला येणार होती, हे भिंतींनाही माहीत होतं. आणि लेस. गेल्या महिन्यापासून सरावात तो सारखा लेस बांधायला वाकायचा. मैदानाची एक फेरी मारली की वाकायचा, मिनिटभर बुटाशी खेळायचा, मग उठून पुन्हा पळायचा. पोरं म्हणायची, शिडीला कुणीतरी गाठ मारायला शिकवा रे. मीही एकदा म्हणालो होतो. माझं वाक्य जास्त चांगलं होतं. दोन दिवस चाललं.

आणि मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी चालेल, मला कळायला हवं होतं, कारण आमच्या घरात एक लेस बांधणारा माणूस होऊन गेलेला आहे. फक्त अण्णांच्या बुटांना लेस नव्हती, म्हणून ते दुकानं बघायचे. अण्णा, माझे वडील, कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात वाफेच्या बंबावर होते. त्यांना तापमापक लागत नसे. पालथा हात कपाळावर ठेवून ते शंभर म्हणाले की शंभरच निघायचा. आई डॉक्टरांकडे जाण्याआधी आम्हाला त्यांच्याकडे पाठवायची. मी नववीत होतो तेव्हा संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालत घरी यायचो. वाटेत ते कुलपांच्या दुकानाशी थांबायचे. मग छत्र्यांच्या. मग दिव्यांच्या. मिनिटभर काचेला नाक लावून बघायचे आणि पुढे निघायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अण्णा, घेऊन टाका ना ती छत्री एकदाची." ते म्हणाले, "घेतली असती, दांडा बरा नाही." पुढे कुलपांआधीच्या औषधांच्या दुकानाशीही थांबायला लागले. घरी सगळे म्हणायचो की म्हातारपणी ह्यांना खरेदीचं वेड लागलं. त्यांना सत्तेचाळिसावं चालू होतं. चार महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की पायाकडे जाणारी रक्ताची वाट बुजत आलेली आहे. चाललं की पोटरी उपाशी राहून दुखते, थांबलं की जरा बरं वाटतं. म्हणून थांबायचे. डावा पाय गुडघ्यावर चार बोटं ठेवून कापला. जगाच्या कपाळावर पालथा हात ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायाला हात लावून बघितला नव्हता, किंवा बघितला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर आई मोजे आणायची तेव्हा ते म्हणायचे, "एक बरं झालं, जोड दुप्पट टिकतो. मोज्याला डावंउजवं नसतं." आम्ही हसायचो. शिडीचाही डावाच. पाय दोनच असतात, त्यामुळे योगायोगाला फार कर्तृत्व लागत नाही, असं मी स्वतःला दोन थांबे समजावलं.

सामन्याच्या दिवशी कोच सगळ्यांचे फोन बुटांच्या खोक्यात घालून कपाटात ठेवतो. मी बसमधून शिडीला सात वेळा लावला. खोकं वाजत राहिलं असेल. डॉक्टर सामन्याआधी तासभर येतात आणि गाडी चालवताना फोन घेत नाहीत. चांगली सवय आहे, मीच त्यांचं कौतुक केलेलं. मग घरी लावला. बायको म्हणाली, "आत्ताच तर गेलात. काय विसरलात?" मी विचारलं, "अण्णांचा पाय कापायच्या आधी कसा दिसायचा गं?" ती म्हणाली, "अहो, मी या घरात आले तेव्हा अण्णांना एकच पाय होता. बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, केळी घेतली आहेत. ती म्हणाली, केळी खा.

खोली उघडली तेव्हा सव्वाबारा झाले होते. दिवा न लावताच पडदा चालू केला आणि शिडीचे गेल्या सहा आठवड्यांचे पाय एकाशेजारी एक मांडले. असं मी कधी करत नाही. रोजचा पाय रोज बघायचा आणि मिटायचा. पहिल्या आठवड्यात दोन्ही पोटऱ्या हिरव्या, जुळ्या बहिणींसारख्या. तिसऱ्यात डावीच्या खालच्या कडेला एक निळसर डाग, सांडलेल्या शाईएवढा, त्यापुढे बर्फ. चौथ्यात डाग घोट्यापर्यंत. बर्फ. पाचव्यात, बर्फ, बर्फ, मध्ये एकदा चवीपुरतं मलम. गुरुवारी दुपारचा फोटो होता; बर्फ. शुक्रवारच्या चित्रात डाव्या पावलाची बोटं मोजायला गेलो तर तीन भरली. करंगळी आणि तिची शेजारीण पडद्याच्या काळोखात बुडालेल्या होत्या. त्या होत्या, फक्त खोलीइतक्या गार होत्या. गुरुवार आणि शुक्रवार माझ्या नावावर पक्के लागले, कारण मशीन बंद होतं. त्याआधीचे तीन आठवडे मशीन चालू होतं, म्हणजे त्यावेळी बर्फ असूही शकतो, असा विचार मनात आला आणि मला त्याचं चक्क बरं वाटलं. माणसाचं मन कुठे टेकायला जागा शोधेल सांगता येत नाही. माझं तेवढ्यात टेकून घेत होतं.

शिडी बाहेरच्या अरुंद बोळात बाकावर होता. डावा बूट पायात, लेस सुटलेली, आणि तो वाकून ती बांधतही नव्हता. नुसता हातात धरून बसला होता. मी म्हटलं, "आत चल. एक फोटो."

"आज शनिवार आहे काका. आज फोटो नसतो."

"आज आहे."

"कोचना विचारलंत?"

"शिडी, मशीन गुरुवारपासून बंद आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, कुठलं मशीन म्हणून विचारेल. विचारलं नाही. उठला, आणि उठताना भिंतीला हात लावला.

पंधरा मिनिटं लागतात, त्याला इलाज नाही. आत्ताच बुटातून काढलेल्या पायाचा फोटो म्हणजे बुटाचा फोटो. त्याला फळीवर उभं केलं, बूट माझ्या खुर्चीखाली ठेवले. दार लावल्यावर मैदानावरचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायला लागला. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, "दुखत नाही तसं. फेरी मारली की पोटरी दगड होते, थांबलो की सोडते. आज सकाळपासून सोडत नाहीये, पण ती झोपेतली उसण असेल." सहाव्या मिनिटाला म्हणाला, "मुंग्या येत होत्या, त्या आज थांबल्या. म्हणजे बरंच होतंय ना?" मुंग्या गेल्या यात आनंद मानावा असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि मी चेहऱ्याचा माणूस नाही. आठव्या मिनिटाला म्हणाला, "काका, तुम्ही इतके दिवस बर्फ लिहिताय ते मला माहीत होतं. मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम लिहिताय. माझ्यासाठी." मग, "पोरांना पण वाटायचं. म्हणायचे, फोटोकाकांचा तुझ्यावर जीव आहे." घामाने माझा चष्मा खाली घसरला. खोली बावीसवर होती.

अकराव्या मिनिटाला कोचने दार वाजवलं आणि वाजवून होताच उघडलं. "लाल आहे का?" त्याने विचारलं.

"नाही सर. निळा."

"मग प्रश्न काय आहे? सगळे बाहेर गरम व्हायला लागलेत, हा इथे थंड होत बसलाय."

"प्रश्न निळाच आहे. बर्फ लावलेला नाही."

कोचने भिंतीवरचा कालचा तक्ता काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट ठेवलं. "हे काय आहे? बर्फ. खाली सही कुणाची?"

"माझी."

"मग?"

"खोटं लिहिलंय."

"काल खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय, काका? एक काहीतरी ठरवा. ती माणसं येऊन बसलीत. दोन वर्षं मी या पोराला घडवलाय, तुम्ही त्याच्या पायांचे रंग बघितलेत." मग तो फळीकडे वळला. आवाज एकदम मऊ केला. तो मऊ बोलतो तेव्हा मला जास्त भीती वाटते. "बाळा, तू सांग. पळशील ना?"

"पळेन सर," शिडी म्हणाला, आणि खाली बूट शोधायला लागला. मी खुर्चीवर बसून होतो. खुर्चीखालचा डावा बूट काढून मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. पन्नाशी ओलांडलेला माणूस दुसऱ्याचा बूट कवटाळून बसलेला कसा दिसतो ते मला माहीत आहे. एका बुटावर मैदानात सोडत नाहीत, खेळाचा नियम आहे. सबंध नियमपुस्तकात तेवढाच मला त्या वेळी आठवला. मी म्हटलं, "अजून चार मिनिटं आहेत सर."

कोच गेला नाही. ओरडलाही नाही. कदाचित त्याने माझ्याकडे बघितलं आणि कदाचित पहिल्यांदाच बघितलं. चार मिनिटं आम्ही तिघे त्या खोलीत नियमाप्रमाणे, कशालाही न टेकता, काहीही न खाजवता थांबलो. मग मी कॅमेरा चालू केला. पडद्यावर शिडी उभा राहिला. उजवी मांडी हिरवी, पोटरी हिरवी, पाऊल पिवळसर, पाच बोटं. डावी मांडी हिरवी. गुडघ्याखाली हिरवा निळ्यात उतरत गेला, निळा काळ्यात, आणि घोट्याच्या वर चार बोटं पाय संपला. खाली काही नव्हतं. खुर्ची नव्हती, बादली नव्हती, आणि शिडीचं डावं पाऊल नव्हतं. "काच पुसा एकदा," कोच हलक्या आवाजात म्हणाला. मी पुसली. शिडी मान खाली घालून स्वतःच्या पावलाकडे बघत होता, मग पडद्याकडे, मग पुन्हा पावलाकडे. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते त्याला ठरवता येईना. मी फळीपुढे गुडघे टेकले. पायाला हात लावायचा नाही हा माझाच नियम. पालथा हात त्याच्या पावलावर ठेवला. असा गारवा मला माहीत होता. नववीत असताना एकदा अण्णांच्या पायात मोजा चढवताना हाताला लागला होता, आणि मी म्हणालो होतो, अण्णा, तुमचे पाय काय मस्त गार आहेत.

डॉक्टर आले ते हसतच आले, हातात गाडीची किल्ली. त्यांनी घोट्याशी दोन बोटं ठेवली. बोटं जरा सरकवली. पुन्हा सरकवली. गुडघ्यामागे ठेवली. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि उजव्या घोट्याशी बोटं ठेवून आधी आपली बोटं तर ठीक आहेत ना ते तपासून घेतलं. उठताना ते हसत नव्हते. "सकाळपासून सोडत नाही म्हणालास? किती वाजल्यापासून?"

"उठल्यापासून. सात."

डॉक्टरांनी घड्याळ काढलं होतं, म्हणून भिंतीवरच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. "कोच, गाडीची मागची सीट मोकळी करा," ते म्हणाले. "रक्त पोचत नाहीये, अशा पायाला सहा तास मिळतात. ह्याला चालवायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही." कोच वाकला आणि त्याने शिडीला उचललं, त्या एवढ्या लांब पोराला, दोन्ही हातांवर आडवं, दारातून नेताना पाय अडकू नयेत म्हणून तिरका झाला. दोन वर्षं घडवलेलं त्याच्या हातांना माहीत असावं. शिडी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, बूट जपून ठेवा. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

मी म्हटलं, "दोन्ही ठेवतो."

ते गेल्यावर मी दार ओढून घेतलं. बोळात फ्रीजवाल्याचा आवाज आला. तो कुणाला तरी सांगत होता की झालं, मशीन चालू झालं, आता हवा तेवढा बर्फ. मी शुक्रवारचा तक्ता पुढे घेतला, बर्फावर रेघ मारली आणि 'इतर'वर खूण केली. तीन रिकाम्या ओळी होत्या. सातपासून एकपर्यंत किती तास होतात ते मी बोटांवर मोजलं आणि काय लिहावं ते सुचेना, म्हणून सवयीने पडद्याकडे बघितलं. कॅमेरा बंद करायचा राहिला होता. शिडी पाव तास फळीवर उभा होता, त्यामुळे ठसा चांगला खोल उमटला होता. टाच, चवडा, पाच बोटं, सगळं स्वच्छ, पिवळंजर्द. उजवं. त्याच्या शेजारी फळी सपाट काळी होती. मी वाट बघत बसलो. ते एक पाऊल हिरवं झालं, मग निळं, आणि विझायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.